रा. रा. ड्रोनराव यांस

मुक्काम : स्टोअर रूम, शेती विभाग, आमचं कनिष्ठ महाविद्यालय

साष्टांग नमस्कार, वि. वि.

येत्या पोळ्याला आपल्याला आमच्याकडे येऊन दोन वर्षं होतील. आल्या दिवशी हारतुऱ्यांच्या गर्दीत आपली नीट ओळख झाली नाही, म्हणून आधी तेवढं उरकतो. मी इथला निदेशक, घड्याळी तासिका तत्त्वावरचा. म्हणजे मी शिकवतो ते तास मोजले जातात आणि त्यांचे पैसे निघाले तर मार्चअखेर निघतात. आपण पूर्णवेळ आहात, शिवाय खोलीला कुलूप आहे. तेव्हा पत्रात कुठं कमी-जास्त लिहिलं गेलं तर मोठ्या मनानं घ्यावं.

आपलं आगमन मला अजून आठवतं. एका कंपनीनं सामाजिक जबाबदारीतून आपल्याला पाठवलं होतं. पोळ्याचाच आठवडा. शिपायानं आपल्याला ओवाळलं, पात्यांना झेंडूची माळ घातली, पायाशी नारळ फोडला. शिंगं असती तर हिंगूळही लागला असता, झूल तेवढी राहिली. मग कंपनीच्या माणसानं माळ काढून आपल्या टाकीत साधं पाणी भरलं आणि आपण मैदानावर पाच मिनिटं फवारणी केलीत. ते पाणी मुख्यतः संस्थेच्या अध्यक्षांच्या टोपीवर पडलं. फोटो निघाला. खाली ओळ छापून आली, ‘शेतीशिक्षणाचं आधुनिकीकरण’. त्यानंतर आपण खोक्यात गेलात, ते आजतागायत.

यात आमच्या प्राचार्यांचा दोष नाही. दोष वयाचा आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आपल्याला चालवण्याचं प्रमाणपत्र मिळवायचं तर माणूस दहावी पास हवा, १८ वर्षं पूर्ण केलेला हवा आणि त्यानं मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेलं हवं. माझे सगळे विद्यार्थी दहावी पास आहेत. पण ते सोळा-सतरा वर्षांचे आहेत. ज्या सुमारास मूल आपल्याला हात लावायला पात्र ठरतं, त्याच सुमारास आम्ही त्याच्या हातात दाखला ठेवून त्याला निरोप देतो. राहता राहिलो मी. माझं वय भरपूर आहे, पण प्रशिक्षणाच्या फीचा माझा अर्ज ‘विचाराधीन’ आहे, आणि तासिकावाल्याचा विचार पावसाळ्यातल्या एसटीसारखा असतो. येतो म्हणतात.

तेव्हा तूर्त आपली नोंद डेडस्टॉक रजिस्टरात आहे. वरच्या ओळीत ‘घमेली, नग ६’, खालच्या ओळीत ‘कुदळ, दांडा नसलेली’, मध्ये आपण. शेजार चांगला आहे. घमेली निदान दर शुक्रवारी बाहेर जातात.

आपण एकटेच आधुनिक आहात असा मात्र गैरसमज नसावा. आमचा विभागही आधुनिक झाला आहे, आणि त्याला बॅटरीसुद्धा लागली नाही. नावं बदलली. पूर्वी वांगी, टोमॅटो, मिरची लावायला शिकलेल्या पोराला काय म्हणायचं हा प्रश्नच होता. आता कौशल्य-आराखड्यात त्याला रीतसर पदनाम आहे : ‘सोलॅनेशियस क्रॉप कल्टिव्हेटर’. हे नाव एका विद्यार्थ्यानं घरी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, ‘हे दुखणं कधीपासून हाय?’

वर्गातल्या भिंतीवर कीडनाशकांचा तक्ता आहे. त्यात एन्डोसल्फानची मात्रा ठळक अक्षरात आहे. ते सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंद केलं. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये देशात आली, ती तक्त्यात अजून पोचायची आहे. मी तक्ता उतरवायला गेलो तर कळलं की तोही डेडस्टॉकला आहे. खराब झाल्याशिवाय उतरवता येत नाही, आणि लॅमिनेशन उत्तम आहे.

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पुरा केला. दरसाल प्रदर्शनं भरवावीत, शेतकऱ्यांच्या औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, बक्षिसं द्यावीत, असं त्यांनी तेव्हा सरकारला सुचवलं होतं. परीक्षेचं आम्ही मनावर घेतलं. नांगराची आकृती काढा व भागांना नावे द्या, गुण ५. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या पोरानं रुमणं धरलेलं असलंच पाहिजे असं काही नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्यांना बाप घरी रुमणं धरूच देत नाही. शेती सुटावी म्हणून तर त्यानं पोराला शेतीशाळेत घातलेलं असतं.

आता ड्रोनराव, आपल्याला न विचारता आम्ही मागच्या मे महिन्यात जे केलं त्याची कबुली देतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता, गावोगाव दुबार पेरण्या झाल्या होत्या. ते डोक्यात ठेवून मी मुलांना सांगितलं, घरचं पेरायचं बियाणं मूठभर आणा. प्रयोगशाळेत साहित्य काय, तर एक जुनं गोणपाट. त्याचे तुकडे भिजवले. एकेका तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे, वरून दुसरा ओला तुकडा, मग सतरंजीसारखी गुंडाळी करून सावलीला. रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उलगडून मोजायचं. सत्तर किंवा वर चांगले कोंब आले तर एकरी तीस किलो पेरा, त्याखाली आले तर बियाणं वाढवा, फारच कमी आले तर ते पोतं तेलाच्या गिरणीला.

एका मुलीच्या गुंडाळीत चोपन्न निघाले. तिनं दोनदा मोजले, मग शेजारच्या मुलाकडून मोजून घेतले, कारण तिच्या वडिलांच्या घरच्या बियाण्याची गावात ख्याती. घरी सांगितल्यावर वडील तडकले, ‘कालेजात नेऊन बी नासवलंस.’ मग त्यांनी स्वतः, कुणी बघत नाही असं पाहून, गोठ्यात गोणपाट भिजवलं. छप्पन्न. दुसऱ्या दिवशी ते विभागात आले आणि आपल्या खोक्यावर बसले. (माफ करा, खुर्ची एकच आहे.) मुलीनंच विचारलं, ‘आप्पा, मळणीला ड्रमचे फेरे किती ठेवले होते?’ सोयाबीनचं साल पातळ, मळणीयंत्र जोरात पळवलं किंवा पोती वरून आपटली की आतला कोंब दुखावतो. हे त्या पोरीनं बापाला सांगितलं आणि बापानं ऐकून घेतलं. वीस वर्षांच्या नोकरीत मी असा तास पाहिला नव्हता. खर्च : गोणपाट एक. तेही डेडस्टॉकला नव्हतं, म्हणून फाडता आलं.

दुसरा उद्योग थोडा फसला. विभागात एक ओलावामापक आहे, त्याचे सेल मी पदरचे घालतो. दिवाळीनंतर मुलांनी तो बाजार समितीत नेला. सरकारी खरेदीला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. व्यापाऱ्यानं ढिगात हात घातला आणि म्हणाला, ‘मॉइश्चर लई हाय, पंधरा.’ आमचं यंत्र म्हणालं बारा. व्यापारी हसून म्हणाला, ‘मग तुमच्या कालेजालाच विका की.’ माल पंधराच्याच भावानं गेला. परत येताना टमटममध्ये पोरं गप्प होती. पण त्या दिवसापासून नफ्या-तोट्याचं गणित मला फळ्यावर लिहावं लागलेलं नाही.

पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव आपण ऐकलं नसेल. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातलं पद सोडून १९८३ मध्ये त्या गावात गेले. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. वेल्डिंग, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, आणि तेही गावाला उपयोगी पडेल असं. हे आधुनिकीकरण चाळीस वर्षं जुनं आहे. कदाचित म्हणूनच त्याचं उद्घाटन करायला आमच्याकडे कुणी येत नाही.

आपल्यावर माझा राग नाही, हे मात्र स्पष्ट लिहून ठेवतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन स्वतःच उडवलेल्या विषातून चालत जाण्यापेक्षा बांधावर उभं राहून आपल्याला उडवणं हजार पटींनी बरं. आपली जागा शिवारात आहे, म्हणून तर हे पत्र.

आणि आपल्याला उडवू शकणारं माणूस गावात आहे. बचत गटातली एक बाई सरकारी योजनेतून प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्रासह परतली आहे. तिचा मुलगा माझ्याच अकरावीच्या वर्गात. तिला आम्ही बोलवावं, तिनं उडवावं, मुलांनी औषध मोजावं, डब्यावरचा त्रिकोण वाचावा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, वाऱ्याची दिशा पाहावी, एकरी हिशेब लिहावा. यातल्या एकाही कामाला अठरा वर्षं लागत नाहीत. तसा प्रस्ताव मी दिला. उत्तर आलं की बाहेरील व्यक्तीस संस्थेची जडवस्तू हाताळण्यास देता येत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. आपल्या शब्दाला वर वजन आहे. आपल्यासाठी नारळ फुटतो, आमच्यासाठी नाही. पुढच्या पाहणीला साहेब येतील आणि आपलं खोकं उघडलं जाईल, तेव्हा आपण त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात : त्या बाईला मानधनावर बोलवावं, फेब्रुवारीत आटणाऱ्या आमच्या बोअरचं काहीतरी बघावं, आणि तो तक्ता उतरवावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
निदेशक (तासिका)

ता. क. : खोक्यातलं थर्माकोल मुलांनी मिरचीच्या रोपांच्या ट्रेसाठी नेलं, रागावू नये. आपली दुसरी बॅटरीही फुगली आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव तीन प्रतींत लागतो, तो मीच लिहितो आहे.