खजिनदाराचं बेट

सिंगापूरच्या कुठल्याही वसतिगृहात एका मजल्यावर चार भारतीय पोरं राहत असली, की त्यातला एक आपोआप खजिनदार होतो. त्याला कुणी निवडून देत नाही. पहिल्याच आठवड्यात सामायिक तांदळाचे पैसे कोण भरणार असा प्रश्न निघतो, तिघं छताकडे बघतात, आणि चौथा मोबाइल काढून म्हणतो, "मी स्प्लिटवाइजवर टाकतो." संपलं. पुढची दोन वर्षं त्याच्याशी मैत्री नसते, खातं असतं.

आमचा खजिनदार गुहागरचा. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या गडग्यापलीकडे समुद्र. तरी गड्याला पोहता येत नाही. विचारलं तर म्हणतो, "समुद्र म्हणजे आमचा शेजारी. शेजाऱ्याच्या घरात रोज कोण घुसतं?" असा हा माणूस श्रावणातल्या एका बुधवारी जाहीर करतो, की शुक्रवारी रात्री मलेशियातल्या तिओमान बेटावर जायचं! इतकी वर्षं परदेशात शिकून एक बेट पाहिलं नाही, तर गावात तोंड कसं दाखवायचं? शिवाय नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे पावसाळा, बोटी जवळजवळ बंद. डिसेंबर २०२३ पासून मलेशियाला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणजे तेवढे पैसे वाचलेच. खजिनदारांच्या मते न झालेला खर्च हा जमेच्या बाजूला धरायचा असतो.

गुरुवारी तक्ता आला. बस, बोट, खोली, जेवण, आणि शेवटी 'सटरफटर'. प्रत्येक रकान्यात रिंगिट, डॉलर आणि रुपये. सामानात त्याने मेतकूट, चकल्या आणि आमसुलं घेतली होती. टॉवेल विसरला.

सिंगापूर आणि मलेशिया यांना जोडणारा रस्ता १९२४ सालचा, लांबी जेमतेम एक किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी तो ओलांडणं हा एक संस्कार आहे. बसमधून सगळं सामान घेऊन उतरायचं, सिंगापूरची तपासणी, पुन्हा बस, पुन्हा सामान घेऊन उतरायचं, मलेशियाचा शिक्का, पुन्हा बस. आम्हाला अडीच तास लागले. "ताशी चारशे मीटर," खजिनदार म्हणाला. "आमच्याकडे वरात याहून जोरात जाते." त्यातच आमच्या दिल्लीकराने मलेशियात शिरताना दाखवायचा ऑनलाइन फॉर्म भरलेला नव्हता. तो भरेपर्यंत आमची बस आम्हाला टाकून गेली. दुसऱ्या बसची तिकिटं तक्त्यात 'दंड' या नावाखाली दिल्लीकराच्या एकट्याच्या खात्यावर पडली. रात्री एक वाजता, रांगेत उभ्या उभ्या.

पहाटे मर्सिंगला पोचलो. इथून बोट. नदीचं मुख गाळाने भरलेलं, त्यामुळे बोट भरती बघून सुटते. हे कळल्यावर खजिनदाराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कोकण उमटलं. "आज दशमी ना? तिथीची पाऊणपट म्हणजे साडेसात. साडेसातला पूर्ण भरती. आजोबांचा नियम आहे." आम्ही सातला नाश्ता अर्धा टाकून धक्क्यावर. बोट सुटली साडेअकराला. नियम अरबी समुद्राचा होता, हा दक्षिण चीन समुद्र. याला पाऊणकी येत नसावी.

बेटावर उतरलो, तर समोर नारळाची झाडं, पांढरी वाळू, मागे गर्द डोंगर. दिल्लीकर अक्षरशः रडायच्या बेतात. खजिनदाराने चारी दिशांना बघितलं आणि निकाल दिला, "आमच्यासारखंच आहे. फक्त पाणी स्वच्छ आहे." खोलीमागच्या गटारातून हातभर जिभेची घोरपड निघाली तेव्हा दिल्लीकर खुर्चीवर चढला, आणि हा शांतपणे म्हणाला, "दोर आणा रे, सिंहगड इथूनच घेऊ."

मलाय भाषेत संस्कृत शब्द पुष्कळ. नाव म्हणजे 'नामा', भाषा म्हणजे 'बहासा'. याने तेवढ्यावर भरवसा ठेवला. शहाळ्याला तिकडे 'कलापा मुदा' म्हणतात. हा टपरीवर गेला आणि ठणकावून म्हणाला, "कपाला मुदा, चार!" कपाला म्हणजे डोकं. आपल्या कपाळाचा सख्खा भाऊ. चार कोवळी डोकी मागणाऱ्या या इसमाकडे टपरीवाल्या मावशींनी क्षणभर बघितलं, मग पोट धरून हसल्या आणि आतल्या माणसालाही बोलावून घेतलं. शहाळी मिळाली. त्यांतल्या एकाचेही पैसे सुटले नाहीत.

जेवायला नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, वर शेंगदाणे, अंडं, झणझणीत सांबाल आणि तळलेले बारीक सुके मासे. खजिनदार बराच वेळ केळीच्या पानाकडे बघत राहिला. नारळीभातात सुकी मच्छी! श्रावणात! त्याने मासे बाजूला केले, मग एक चाखला, मग आमच्या पानांतलेही उचलले. आईला सांगू नका, म्हणाला.

दुपारी सगळे मासे बघायला पाण्यात. हा लाइफ जॅकेट घालून गुडघाभर पाण्यात वाकून उभा, तोंड तेवढं आत. वर आला की एकच शेरा: "हा तळून छान लागेल." भोवतालचं पाणी सागरी उद्यान आहे, मासेमारीला बंदी, हे कळल्यावर त्याचा रस ओसरला.

संध्याकाळी घरून व्हिडिओ कॉल आला. खजिनदाराने ऐटीत कॅमेरा समुद्राकडे वळवला. आई ओरडल्या, "अरे, नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून! पाच दिवस आहेत. आत्ता समुद्रात कोण जातं?" त्याने समजावलं, की इकडचा पावसाळा वेगळा, इकडे हाच चांगला मोसम. आईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नारळ दिलास का?"

काळोख पडताना हा मावशींकडून एक नारळ घेऊन आला. या वेळी बोट दाखवून मागितला. गुडघाभर पाण्यात गेला, हात जोडले, नारळ सोडला. लाटेने तो परत आणून दिला. याने पुन्हा सोडला. तिसऱ्या खेपेला आमच्या चेन्नईकराने तो पोहत नेऊन लांब सोडून दिला.

रविवारी रात्री परतीच्या बसमध्ये डोळा लागत होता, तेवढ्यात चौघांचे मोबाइल एकदम वाजले. नवी नोंद: 'नारळ (समुद्राला), ८ रिंगिट, चौघांत समान.' चेन्नईकराने लगेच पोहोचवणावळ मागितली, ती नामंजूर झाली. दिल्लीकराने मुकाट्याने भरले.

माझे दोन रिंगिट अजून बाकी दिसतात. दर पौर्णिमेला आठवण येते.