जरा तिकडे बघा

आमच्या ऑफिसात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. ते 'सिस्टिमवाले'. पगाराच्या उतरंडीत ते बरेच खाली असावेत, पण त्यांना येताना बघून मोठे साहेबसुद्धा खुर्चीतून उठत. उठावंच लागे. उभ्यानं पासवर्ड टाकणं त्यांना मंजूर नव्हतं.

पूर्वी वाड्यात कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला असायचा. गुळाचा खडा हवा असला तरी आजीला उठवा. सिस्टिमवाले त्याच घराण्यातले. आम्हा सगळ्यांच्या लॅपटॉपवर 'स्टँडर्ड' खातं. नाव भारदस्त, अधिकार पाहुण्याचे: बसा, एक्सेल उघडा, पण यंत्राच्या पोटात हात घालू नका. विंडोज एक्सपीच्या काळात घरी संगणक घेतला की जो तो मालक असे, आणि व्हायरसही मालकाच्याच थाटात वावरे. 2007 साली व्हिस्टा बाजारात आलं आणि त्याबरोबर ती पाटी आली, सगळा पडदा अंधारून मधोमध उभी राहणारी. स्टँडर्ड माणूस दिसला की ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. जन्मदाखल्यावर काहीही असो, सिस्टिमवाल्यांचा खरा जन्म तेव्हाचा.

आमच्याकडे ती पाटी रोज सकाळी यायची, व्हीपीएनपायी. सर्व्हर पुण्यात, आम्ही मुंबईत, आणि मधे कुणीतरी कधीतरी बसवून दिलेलं जुनंपुराणं ओपनव्हीपीएन. हे प्रकरण लॅपटॉपमध्ये एक लटकं नेटवर्क कार्ड उभं करतं आणि विंडोजच्या मार्गांच्या वहीत नोंद करतं, की ऑफिसचं टपाल या वाटेनं न्यावं. वही अख्ख्या यंत्राची. तिच्यात लिहायला स्टँडर्ड माणसाला बंदी. गंमत म्हणजे नुसत्या डबल क्लिकनंही ते जोडलं जायचं. खाली कोपऱ्यात चिन्ह हिरवंगार, आणि सर्व्हर उघडायचं नाव नाही. मी कोपरला राहतो, त्यामुळे मला हे चटकन उमगलं. गाडी मिळाली, खिडकी मिळाली, वारासुद्धा लागला, पण गाडी फास्ट. कोपर आलं तसं गेलं. लॉग उघडून बघितला तर बारीक अक्षरांत लिहिलेलं: मार्ग जोडता आला नाही, परवानगी नाकारली.

मग राइट क्लिक, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', पडदा काळा, आणि त्यांना फोन.

ते चष्मा पुसत येत. खुर्ची मागे सरकवून बसत. दहावीच्या परीक्षेत हुशार मुलं उत्तरपत्रिका झाकतात तसा डावा तळवा कीबोर्डवर आडवा धरत आणि म्हणत, "जरा तिकडे बघा." देवळात नैवेद्याच्या वेळी पडदा ओढतात, इथे पडदा नसल्यामुळे आम्हीच तोंडं फिरवायचो. पुढे नुसते आवाज. अकरा टिचक्या, सातवीनंतर किंचित विसावा (तिथे शिफ्ट असणार, असं अकाउंट्सच्या मॅडमचं निदान), आणि मग एंटर, दार आपटावं तसं. "झालं," म्हणून ते उठत ते पुढच्या टेबलाकडे.

"एकदाच काहीतरी करून टाका ना," मी एकदा म्हटलं. "रोज तुम्हाला त्रास."

"त्रास कसला?" ते म्हणाले. ते खरंच होतं. एका फेरीत त्यांचे चार चहा व्हायचे.

उपाय नव्हता असं नाही. 2016च्या डिसेंबरात आलेल्या ओपनव्हीपीएनच्या 2.4 आवृत्तीत वरच्या अधिकारानं मागे चालणारी एक सर्व्हिस आली. वहीतली नोंद ती करते, स्टँडर्ड माणसानं फक्त 'कनेक्ट' दाबायचं. अ‍ॅडमिननं एकदाच बसवून द्यायचं, की सुटला. पण "चालतंय ना? मग हात लावायचा नाही," हे सिस्टिमवाल्यांचं ब्रीद. आणि खोटं कशाला बोलू, आम्हालाही ते सोयीचं होतं. ते येईतो सर्व्हर नाही, आणि सर्व्हर नाही तोवर काम नाही.

मार्च 2020मध्ये सगळे घरी बसले. सिस्टिमवाले बदलापुरात, लॅपटॉप माझ्यापुढे कोपरात. त्यांनी दुरून स्क्रीन हाताळायचं सॉफ्टवेअर लावलं, माझा माउस पडद्यावर भुतासारखा फिरवला, राइट क्लिक केलं, आणि नेमकी पाटी आली तशी त्यांच्याकडे सगळं गोठलं. ती पाटी विंडोज एका वेगळ्याच बंदिस्त पडद्यावर दाखवतं. साध्या अधिकारानं चाललेल्या सॉफ्टवेअरला तिथे डोकावता येत नाही. थोडक्यात, विंडोज त्यांना म्हणालं, जरा तिकडे बघा.

फोनवर बराच वेळ शांतता.

"जवळ कोण आहे?"

"आई. मटार सोलतेय."

"काकूंना जरा आत जायला सांगा."

"आत म्हणजे कुठे? वन रूम किचन आहे."

एक लांब सुस्कारा आला. "बरं. लिहून घेऊ नका. कॅपिटल एस. साताऱ्याचा एस."

"सातारचे का ते?" आईनं विचारलं.

"काकू, प्लीज. मग लहान ए..."

तीनदा चुकलं. दर वेळी ते आधीपेक्षा हळू आवाजात सांगत, जणू पासवर्ड नाही, घरातलं दुखणं सांगतायत. चौथ्यांदा आईच शेंग खाली ठेवून म्हणाली, "अरे, ते शून्य म्हणतायत, तू ओ दाबतोयस." लागला. सातव्या अक्षरानंतर 'अ‍ॅट'चं चिन्ह होतं. मॅडमचं निदान अचूक. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी पासवर्ड तीनदा बदलला. तिन्ही आईला पाठ होते.

ऑफिस उघडल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते सगळ्यांच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती बसवण्याचं. आता डबल क्लिक केलं की हिरवं, आणि हिरवं म्हणजे खरंच हिरवं. साहेब खुर्चीतून उठत नाहीत. चहाही एकच होतो, तोसुद्धा खालच्या टपरीवर.

परवा आम्ही चौघं तिथे उभे असताना ते आले. चहा झाल्यावर "आज मी देतो" म्हणत त्यांनी मोबाइल काढला, कोड स्कॅन केला, आणि पिन टाकायला डावा तळवा आडवा धरला. त्यांनी काही म्हणायच्या आत आमच्या चारही माना रस्त्याकडे वळल्या. बराच वेळ आम्ही रिक्षा बघत उभे होतो. शेवटी टपरीवालाच खाकरला.

"पैसे कोण देतंय?"

वळून बघितलं, तर सिस्टिमवाले गेटाशी पोचले होते.