तीन कोटेशनं

अप्पांची उभी नोकरी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. तीन कोटेशनं आल्याशिवाय तिथे साधा नटबोल्टही आत येत नसे. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, कोटेशनं सुटली नाहीत. दांडीच्या बंदरावर पापलेट घेतानाही ते तीन वाट्यांसमोर उभे राहतात आणि प्रत्येक माशाचा कल्ला उचलून बघतात. तोवर पहिला वाटा विकला गेलेला असतो.

असा माणूस टॅब घ्यायचं म्हणतोय. २०११ पासून.

त्या ऑक्टोबरच्या ५ तारखेला दिल्लीत ‘आकाश’ नावाचा सात इंची टॅब जाहीर झाला. सरकारला एक नग २,२७६ रुपयांना पडणार, ही बातमी अप्पांनी कात्रून वहीत चिकटवली. पुढे शेरा मारला: ‘दर वाजवी. पडद्यावर बोट नुसतं टेकवून भागत नाही, दाबावं लागतं असं ऐकतो. थांबावे.’ ती नोंद क्रमांक एक. मग रॅम, स्टोरेज, पडदा, बॅटरी, सिम असे रकाने आखले गेले. जीएसटी आला तेव्हा करासाठी आणखी एक रकाना वाढला. सोळाशे नि बाराशेचे आकडे बघून ‘यात कांद्याचा भाव कुठला?’ असं काकूंनी एकदा विचारलं होतं.

बरं, माणूस अडाणी नाही हो. उलट इतकं अचूक बघणारा गिऱ्हाईक मी पाहिलेला नाही. बोईसरच्या दुकानात मुलगा म्हणाला, “काका, हा वॉटरप्रूफ आहे, आयपी अडुसष्ट.” अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “ती चाचणी गोड्या पाण्यात होते. आमच्याकडे खिडकीचे गज दोन पावसाळे टिकत नाहीत. चार्जिंगचं भोक किती टिकेल?” मुलानं मालकाकडे पाहिलं, मालकानं पंख्याकडे. मग बत्तीस जीबीवर गाडी आली. “यातले माझे किती? आतली सिस्टिम वजा करून सांगा. बर्फासकट मासळी तोलता काय?”

थांबण्यामागेही त्यांचं गणित आहे. २०११ च्या एका मोठ्या मोबाइलचा पडदा ५.३ इंचांचा होता, आज पावणेसात इंचांचे मोबाइल लोक खिशात कोंबतात. “टॅब सातावरच उभा होता. मोबाइल वाढत वाढत त्याच्याकडे निघालाय. दोघांची गाठ पडू दे, मग एकच घेऊ.” यावर काय बोलणार? मधल्या काळात टॅब दहा-अकरा इंचांवर सरकला. अप्पांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट चेहरा खुलला.

त्यांचा खरा हंगाम १ जूनला सुरू होतो. मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर, पडवीत जाळी विणत बसलेली माणसं. श्रोत्यांना पळून जायला समुद्र मोकळा नाही! अशाच एका बंदीत पुतण्यानं होडीवर नकाशासाठी टॅब घ्यायची गोष्ट काढली. पुतण्या तांडेल, त्याला दर्या कळतो, रकाने नाही. अप्पांनी वही उघडली. “नुसता वायफायवाला आयपॅड घेऊ नको, त्यात जीपीएस नसतो. सिमवाला घे. आत गेल्यावर मोबाइलची रेंज संपेल, पण उपग्रह दिसत राहतील. नकाशा मात्र किनाऱ्यावरच उतरवून ठेव.” पुतण्यानं दुसऱ्या दिवशी घेतलाही. नंतर शाळा मोबाइलवर भरायला लागल्या त्या वर्षी तर अप्पांच्या ओट्यावर पालकांची रांग लागायची. आमच्या आळीतला एकही टॅब या वहीखालून गेल्याशिवाय आलेला नाही. वहीच्या मालकाकडे तेवढा नाही.

हे मी कधीतरी त्यांना बोलून दाखवलं असावं. कारण यंदाच्या जुलैत एका सकाळी ते छत्री घेऊन दारात उभे. “चल बोईसरला. आज घ्यायचाच.” खिशावर हात ठेवून त्यांनी पैसे असल्याचीही खूण केली. रिक्षात वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत.

दुकानात त्यांनी एक टॅब निवडलाही. हातात घेतला, उलटा केला, कडेनं बोट फिरवलं. मी श्वास रोखून उभा. तेवढ्यात शेजारची बाई दुकानदाराला म्हणाली, “मुलगी बारावीला आहे, कुठला देऊ?” अप्पांनी हातातला टॅब काउंटरवर ठेवला. “चित्रं-आकृत्या काढते का? मग पेन चालणारा बघा. सिम नको, अभ्यास घरीच व्हायचा. चार हजार वाचतात.” पाऊण तास गेला. बाई टॅब घेऊन गेली. मालकानं आमच्यासाठी चहा मागवला आणि दिवाळीला कुठला माल भरू, म्हणून अप्पांनाच विचारलं. अप्पांनी त्याला वहीच्या शेवटच्या पानावर यादी करून दिली, पान फाडून हातात ठेवलं आणि छत्री उचलली.

येताना नाक्यावर स्टेशनरीच्या दुकानाशी त्यांनी रिक्षा थांबवली. उतरले, समोरची वही उचलली, पैसे टेकवले, परत आले. भाव विचारला नाही.

काकू ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “घेतलं?”

“घेतलं.” अप्पांनी शर्टाआडून पिशवी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

काकूंनी एका बोटानं पिशवी किंचित उघडून पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे वळल्या. “किती जीबीची?”

“दोनशे पानी.”