बैलाला आवतन देण्यापूर्वी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि उद्या जेवायला ये म्हणून त्याला आवतन द्यायचे, ही विदर्भातली खांदशेकणीची रीत. गोंदिया जिल्ह्यात कचारगडच्या डोंगराभोवती पसरलेल्या धानपट्ट्यातही रोवणी आटोपून जू उतरलेला बैल त्या अमावास्येला घरचा मुख्य पाहुणा असतो. या आवतनात एक गोष्ट राहून जाते: पाहुण्याला काय सोसते, हे कोणी विचारत नाही. व्याह्याला साखरेचा त्रास असेल तर त्याच्या पानातली पुरणपोळी कोणीतरी हळूच उचलते. चार कप्प्यांचे पोट घेऊन आलेल्या पाहुण्याला मात्र तीच पोळी आग्रहाने, दोन्ही हातांनी आणि फोटोसह भरवली जाते. प्रस्तुत मार्गदर्शन अशा यजमानांसाठी आहे. जनावराला पंगतीत जरूर घ्यावे, पण वाढताना आपली हौस बाजूला ठेवून त्याचे पोट बघावे, एवढेच त्याचे सूत्र.

पाहुण्याची अंतर्गत रचना आधी समजून घेऊ. बैलाच्या कोठीपोटात शंभर-दीडशे लिटर ऐवज सहज मावतो, आणि तिथे असंख्य सूक्ष्मजीव वर्षभर तणस व गवत आंबवून त्याचे अन्न तयार करतात. ही मंडळी सवयीची गुलाम असतात. गूळ, कणीक, शिजलेला भात असा माल एकदम येऊन पडला, की आम्ल करणारे जीवाणू झपाट्याने वाढतात, लॅक्टिक आम्ल साचते, सामू साडेपाचाच्या खाली घसरतो आणि तणस पचवणारे जुने कामगार मरू लागतात. दुसऱ्या दिवशी बैल रवंथ करत नाही, दात खातो, पातळ आंबूस शेण टाकतो, बसला की उठत नाही. काही जनावरे दगावतातही. चिखलणीत गुडघाभर गाळ तुडवून न खचलेला प्राणी अशा रीतीने स्वतःच्या सत्काराने आडवा होतो.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: एका पोळीने काय होते? एका पोळीने काहीही होत नाही, आणि नेमकी तिथेच गोम आहे. तोरणाखालच्या झडत्या म्हणून संपल्या, पोळा फुटला, की जोडी घरोघर फिरते. प्रत्येक दारी पाय धुतले जातात, ओवाळणे होते, गड्याच्या हातावर बोजाऱ्याचा पैसा पडतो आणि बैलाच्या तोंडात पोळी. चाळीस घरांच्या गावात प्रत्येक घराचा हिशेब एका पोळीचा राहतो, बैलाचा चाळिसांचा. बोजाऱ्याचा पैन् पै हिशेब ठेवणाऱ्यांनी ही दुसरी वहीही उघडावी. घरच्या दारी नैवेद्याचा एक तुकडा द्यावा. पुढच्या दारांत गवताची पेंढी घ्यावी, आणि पोळी वाढलीच तर ती गड्याने स्वतः खाऊन यजमानाचा मान राखावा.

दुसरा आक्षेप आजोबांचा. ते घालतच होते, त्यांचे बैल कुठे मेले? पण धानावर जगणाऱ्या घरात गहू आणि गूळ सणापुरते येत, तेव्हा निघणारी पोळी माणसांनाच पुरत नसणार. शिवाय परंपरेचाच आधार घ्यायचा तर तिच्यात जेवण सर्वांत शेवटी येते. आधी अंघोळ, खांदशेकणी, नवी वेसण, आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे दिवसभर खांदा मोकळा. बैलाचे मत घेता आले असते तर पुरणाऐवजी त्याने अशी आणखी एक सुट्टी मागितली असती, असा आमचा अंदाज आहे.

हौस वेगळी आणि नाते वेगळे, हे शिकायला कचारगडला यावे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून लाखो गोंड भाविक इथे येतात. इथल्या गुहेत कोंडलेल्या बालकांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी मुक्त केले आणि पुढे लिंगोने कुळांची घडी बसवली, ही त्यांची श्रद्धा. या व्यवस्थेत गोत्राकडे प्राणी, पक्षी, झाड सोपवलेले असते; त्या कुळाने ते राखायचे, मारायचे-तोडायचे नाही. वाघ, कासव, सारस यांना असा मान आहे, पण म्हणून वाघाला पुरणपोळी भरवायला कोणी जात नाही. ज्याचा मान राखायचा त्याला आपल्या ताटात घ्यायचे नाही, आणि त्याच्या ताटात आपण लुडबुड करायची नाही. यातला पहिला अर्धा नियम कोंबडी आणि बोकड यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे सामिष जेवणाचा दिवस, असते. करीच्या पंगतीतले त्यांचे स्थान नक्की असते, फक्त ते पानाच्या कोणत्या बाजूला, हे त्यांना कळवलेले नसते.

करीच्या उरल्यासुरल्या जेवणाचा खरा उमेदवार कुत्रा. गावचे कुत्रे काहीही पचवते, हा तिसरा आक्षेप. शिजलेले हाड ठिसूळ होऊन आतड्यात टोचते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. रश्श्यातल्या कांद्याकडे मात्र कोणी बघत नाही. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडू शकतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला पाऊणशे ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. शिजवून तो निरुपद्रवी होत नाही, वर लसणाची भर. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळपट लाल होते. पण हे काही दिवसांनी, तोवर रस्सा सगळे विसरलेले असतात. खिरीतले मनुके मूत्रपिंडावर जाऊ शकतात. मसाला पडण्याआधी उकडलेला बिनहाडाचा तुकडा काढून ठेवणे एवढीच खटपट आहे. मांजर सल्ला घेत नाही, तिच्यावर शब्द खर्च करू नयेत.

पंगत पळसाच्या पत्रावळीवर घालावी. पाहुण्याने पानासकट जेवण संपवले तरी चालते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण गुळाचा वास लागलेली पिशवी गाईला कायदा समजावत नाही, आणि गिळलेली पिशवी कोठीपोटात तशीच राहते. इतके करूनही बैल फुगलाच, तर नळीने तेल ओतायला धावू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करावा.

ज्यांचा आग्रह तरीही आवरत नाही त्यांच्यासाठी करीलाच तान्हा पोळा असतो. लाकडी बैलासमोर हव्या तितक्या पोळ्या रचाव्यात. त्याचे पोट बिघडत नाही, आणि तो कशालाच तोंड लावत नाही, म्हणून दोरी धरणारी पोरे ताट रिकामे करून देतात.