तासाच्या बोलीवर धिंगाणा

उमरग्याचा माणूस सोलापूरला जातो ती कामं ठरलेली असतात. मोठ्या डॉक्टरला दाखवणं, लग्नाचा बस्ता बांधणं, आणि गावाला रेल्वे नसल्यामुळे मुंबईची गाडी पकडणं. अलीकडे या यादीत एक नवं काम शिरलंय : लेकरं खेळवणं. सकाळी आवरून, डबा-पाणी घेऊन हायवेला लागायचं, येणेगूर, जळकोट, नळदुर्ग, अणदूर अशी गावं मागं टाकत शंभरेक किलोमीटर जायचं, आणि सोलापुरात पोचलं की लेकरांना एका खोलीत सोडून द्यायचं.

"आपल्या घरात खोल्या न्हाईत का रं?" हा आजीचा प्रश्न गाडी निघायच्या आधीच निघतो. त्याला उत्तर कुणी देत नाही. पण आजीला सोबत नेतातच, कारण लेकरं दोन असली की सांभाळायला माणसं तीन लागतात.

मे महिन्यात हे सगळं पटण्यासारखं असतं. पारा चाळिशीच्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. लेकराला बाहेर सोडावं तर ऊन लागतं आणि घरात ठेवावं तर मोबाईल लागतो. जुन्या वाड्यांत यावर उपाय होता. जेवणं झाली की मोठी माणसं माळवदाखालच्या गार खोलीत आडवी व्हायची आणि पोराटोरांना सोप्यात सागरगोटे, काचापाणी, चिंचोके देऊन बसवायची. भिंतीला ज्वारीच्या पोत्यांची थप्पी असायची. तिच्यावर चढून खाली उड्या टाकणं हा त्या काळचा सॉफ्ट प्ले. त्याचे पैसे पडत नसत. पाठीत धपाटा पडे, आणि संध्याकाळी दह्याबरोबर धपाटी मिळाली की हिशेब मिटे. आता वाडे पडले, स्लॅबची घरं आली, ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, आणि ते खळ्यावरनं थेट आडतीत जातं. घरात पोतंच येत नाही तर लेकरानं उडी मारायची कशावर?

छपराखाली राहून मौज करायची कल्पना मात्र या रस्त्याला नवी नाही. वाटेत नळदुर्ग लागतं. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळातला. पावसाळ्यात बांध भरला की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडाच राहतो. समोर पाणी, अंगावर थेंब नाही. चारशे वर्षांपूर्वी इतका खर्च एका बादशहाच्या विरंगुळ्यासाठी झाला, तर आज चार वर्षांच्या बादशहासाठी डिझेल जाळायला हरकत नसावी, अशी गाडी चालवणाऱ्या बापाची समजूत असते. बाप ती बोलून दाखवत नाही, कारण मागच्या सीटवर एक बादशहा उलटी करत असतो.

प्ले झोनच्या काउंटरवर दरपत्रक असतं. लेकराचा दर तासाचा. पुढच्या अर्ध्या तासाचा वेगळा. सोबतच्या पालकाचा वेगळा. एका जागी सह्या करायच्या, त्या कागदाचा मथितार्थ असा की आत काही झालं तर ते तुमचं तुम्ही बघायचं. आणि सगळ्यात शेवटी मोजे. तळव्याला रबराचे ठिपके असलेले ग्रिप सॉक्स. ते घातल्याशिवाय गादीवर पाय ठेवायचा नाही. घरून मोजे आणले तर चालत नाहीत, कारण त्यांना ठिपके नसतात. मागच्या खेपेचे घरी राहिलेले असतात. अशा मोज्यांचा प्रत्येक घरात एक कप्पा भरलेला असतो आणि तो प्रत्येक खेपेला घरीच राहतो.

आजीलाही मोजे घ्यावे लागतात. हा खरा पेच. आजीच्या पायात जोडवी, अंगावर लुगडं, आणि साठ वर्षांत मोज्यांचा संबंध आलेला नाही. "आत्या, पाय पुढं करा," म्हणत सून खाली बसते आणि एकेक बोट जपत मोजा चढवते. जोडव्यांपाशी तो अडतो, मग वळसा घेतो, मग बसतो. मोजे भडक पोपटी. आजी उभी राहते, एक पाऊल टाकते, थांबते. फरशीनं पाय धरून ठेवल्यासारखं होतं. "चिकटायलंय की गं हे," ती म्हणते, आणि दुसरं पाऊल जरा विचार करून टाकते. काउंटरवरचा पोरगा हसू दाबतो. तो कॉलेजात शिकणारा असतो, गळ्यात शिट्टी असते, आणि दिवसभरात त्यानं अशा पन्नास आज्या आत सोडलेल्या असतात.

आत पहिला मान बॉल पूलचा. हजारो प्लास्टिकचे चेंडू भरलेला हौद, त्यात लेकरं बुडतात आणि पुन्हा वर येतात. याचा जनक एरिक मॅकमिलन, कॅनडातला खेळजागांचा रचनाकार. टोरोंटोच्या ऑन्टारिओ प्लेसमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं मुलांसाठी अख्खं गाव उभारलं, आणि 1976 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या सी-वर्ल्डमध्ये चेंडूंचा हौद केला. ही कल्पना स्वयंपाकघरातली मुरवलेल्या कांद्यांची बरणी बघून सुचली, असं सांगतात. बरणी बघून त्यात शिरावंसं वाटणं ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे इतक्या पिढ्या लोणच्याच्या बरण्या फडताळात राहिल्या, आपल्याला फक्त हात घालावासा वाटला, आणि तोही ओला नसावा एवढीच काळजी.

या हौदाचं दुसरंही अंग आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात फिजिओथेरपीच्या केंद्रांमधले असे सहा हौद संशोधकांनी तपासले आणि 2019 मध्ये निष्कर्ष छापला : चेंडूंवर 31 प्रकारचे जिवाणू सापडले. सूनबाईनं हे मोबाईलवर वाचलेलं असतं, म्हणून तिच्या पर्समध्ये सॅनिटायझर असतं. आजीचं मत वेगळं. ज्या नातवानं अंगणातली माती, खडू आणि एकदा गांडूळही तोंडात घालून बघितलंय, त्याला एकतिसांचं काय होणार? विज्ञान सुनेच्या बाजूनं आहे. नातू आजीच्या.

हवेच्या गादीचा किल्ला बाजूलाच असतो. जत्रेत यालाच 'मिकी माऊस' म्हणतात आणि पाळण्यांच्या शेजारी तो डुलत उभा असतो. अमेरिकेत लुईझियानाच्या जॉन स्कर्लॉकनं 1950 च्या दशकाच्या अखेरीस असली उड्या मारायची हवेची गादी काढली. तिला सतत हवा भरणारा पंखा लागतो, म्हणजे सतत वीज लागते. इतकं सांगितल्यावर मराठवाड्यातल्या वाचकाला पुढचं कळलंच असेल. लाईट गेली. पंखा घरघरत थांबला, किल्ल्याचे बुरूज आधी वाकले, मग माना टाकल्या, आणि आतल्या पोरांवर रंगीत रबराचा डोंगर हळूहळू उतरू लागला. मोठ्यांच्या किंकाळ्या, शिट्ट्या, "जनरेटर, जनरेटर!" पोरं एकेक करून बाहेर खेचली. सगळी सुखरूप, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं : पुन्हा घालवा लाईट.

मोठ्या घसरगुंडीपाशी भांडण ठरलेलं. पाळी कुणाची? उमरग्याचा एक, अक्कलकोटचा एक, कलबुर्गीहून आलेली एक. तिघं तीन भाषांतून एकच मुद्दा मांडतात, तो म्हणजे "मी". यात बाप पडतो आणि लेकराला अणदूरच्या खंडोबाचं उदाहरण देतो. अणदूर आणि नळदुर्ग, दोन्ही गावांत देऊळ आहे पण देवाची मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. नेताना-आणताना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. देवालासुद्धा पाळी चुकलेली नाही, बाप समजावतो. लेकरू मन लावून ऐकतं आणि जाहीर करतं की आपण अणदूर आहोत. सव्वादहा महिने आपले.

आजी एव्हाना एका फोमच्या ठोकळ्यावर बसून वर बघत असते.

"छत कशाचं हाय रं?"

हा प्रश्न तिच्या वयाचं कुणीही विचारतं, मॉलमध्ये, मंगल कार्यालयात, दवाखान्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांची माळवदं, तीच गार माळवदं, झोपलेल्यांवर आली. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर या भागातली कितीतरी कुटुंबं महिनोन् महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि पत्रा हा आजीच्या पिढीच्या लेखी भरवशाचा ठरला. वर पत्रा आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडतो.

सुनेचा पडत नाही. तिची नजर दारावर असते. 25 मे 2024 ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली, 27 जीव गेले, त्यांत मुलंही होती. तो सांगाडाही पत्र्याचाच, आणि अग्निशमन खात्याचं ना-हरकत पत्र नव्हतं. तेव्हापासून ती कुठल्याही प्ले झोनमध्ये शिरली की आधी दुसरं दार शोधते. इथं ते सापडतं, पण त्याला टेकून नव्या चेंडूंच्या पोत्यांची थप्पी लावलेली असते. शिट्टीवाल्या पोराला ती ती पोती हलवायला लावते. "मॅडम, कुणी विचारत न्हाई," तो म्हणतो. "मी विचारायलेय ना," ती म्हणते. पोती हलतात. त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं हेच झालं असावं.

बापाचं काय? त्याच्या वाट्याला नळकांड्याची घसरगुंडी येते. धाकटी वरून "पप्पा" म्हणून रडते, म्हणून तो दोराच्या जाळ्यांतून गुडघ्यांवर चढतो. धाकटी त्याला बघताच खुदकन हसून सुर्रकन खाली जाते. तो मागोमाग निघतो आणि वळणावर अडकतो. नळकांडं पिवळं, पारदर्शक. आत पप्पा दिसत राहतात. पाठीमागून तीन-चार पोरं येऊन त्यांच्यावर आदळतात आणि त्या धक्क्यानं सगळा माल एकदमच खाली येतो. काउंटरवर सोबतच्या पालकाचे पैसे का घेतात, हे त्याला तेव्हा उमगतं.

मुलांना खेळवायचं म्हणजे इतका जामानिमा लागतो का, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात एकीनं फार आधी देऊन ठेवलंय. ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ. माँटेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले, माती यांतून खेळ उभे केले. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. उमरगा तालुक्यातल्या गावागावांतही ती आहे. तिथली सेविका शिट्टीविना, मोज्यांविना, खिचडी शिजवत खोलीभर लेकरं सांभाळते. तिला तासाच्या बोलीवर मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही, नाहीतर सरकारचं दिवाळं निघालं असतं.

तास संपतो. म्हणजे काउंटरवरचा संपतो, लेकरांचा नाही. बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातल्या कलम 31 नं मुलांना खेळण्याचा हक्क दिलाय आणि भारतानं तो करार डिसेंबर 1992 मध्ये मान्यही केलाय, पण किती वेळ खेळायचं ते कलमात लिहिलेलं नाही. ते मनगटावरच्या कागदी पट्टीवर लिहिलेलं असतं. थोरला हौदाच्या तळाशी बुडी मारतो, धाकटी जाळीला लटकते. बाप आवाज चढवतो, सून आईस्क्रीमचं आमिष दाखवते, दहा मिनिटं अशीच जातात आणि पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे लागतात. लागलेच आहेत तर पुरा वापरा, असा निवाडा आजी देते आणि स्वतः ट्रॅम्पोलिनच्या कडेला जाऊन बसते. पोरं उडी मारतील तशी तीही दोन बोटं वर उडते. तिला कुणी हटकलं नाही. तिकीट होतं.

मोजे तिनं तिथं परत दिले नाहीत. पैशे दिलेत, ती म्हणाली, आणि बरोबरच म्हणाली. पुढच्या पौर्णिमेला ती तुळजापूरला गेली तेव्हा ते पिशवीत होते. भर उन्हात दगडी फरशी चटके देत असते, पायऱ्या उतरून देवीकडे जायचं, कल्लोळ तीर्थापाशी कायम ओलं. आजीनं पायरीवर बसून, जोडव्यांना वळसा घालत, पोपटी मोजे स्वतःच चढवले आणि भराभरा खाली उतरली. चटका नाही, घसरणं नाही. दर्शनाच्या रांगेत पुढच्या दोघी-तिघी पायांकडे बघून विचारू लागल्या, कुठं मिळाले हे? आजीनं सोलापूरचा पत्ता सांगितला, कुठल्या चौकातून वळायचं तेही सांगितलं, आणि बजावलं, "पर जाताना लेकरू घिऊन जावा, मोठ्या माणसाला एकट्याला आत सोडीत न्हाईत."