पुढचं चाक विकणे आहे

मोटारसायकलला दोन चाकं कशाला द्यायची, याचा कंपन्यांनी आता एकदा फेरविचार करावा. पुढचं चाक ही निव्वळ उधळपट्टी आहे. आमच्या ब विंगमधल्या चिरंजीवांकडे पाहून माझं हे मत पक्कं झालं. कॉलेज लांब पडतं, या सबबीवर त्यांनी ३९० ड्यूक पदरात पाडून घेतली. नावात ३९०, इंजिन ३९९ सीसीचं, ताकद ४६ पीएस आणि वजन १६८ किलोच्या घरात. गाडी चाकणलाच बनते, तेव्हा 'आपल्या मातीतली' हा मुद्दाही वडिलांच्या गळी उतरला. हप्ता अर्थातच वडील भरतात. हप्ता दोन चाकांचा जातो आणि वापरात एकच आहे, हे त्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. जन्मभर बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हे दिसू नये, याचं नवल वाटतं.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिरंजीव विली मारायला शिकत आहेत. विली मारणे म्हणजे चालत्या गाडीचं पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर जाणे. आमच्या पिढीत ॲटलास सायकलचं हँडल खेचून हे कोणीही करायचं आणि घरी कळलं की मार खायचं. आता यात इंजिन आलं, इन्स्टाग्राम आलं आणि मार गेला.

आता त्या पुढच्या चाकाला कामं तरी काय? एक म्हणजे वळणं. दुसरं थांबणं. जोरात ब्रेक मारावा लागतो तेव्हा थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा डिस्कच करतो, मागचा नुसता हजेरी लावतो. चाक हवेत गेलं की ही दोन्ही खाती बंद. पुढचा ब्रेक दाबला तर फक्त हवा थांबते. हेडलाइटही चाकाबरोबर वर जातो आणि रस्ता सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्या उजळतो. तिथल्या काकूंना रात्री दोरीवरचे कपडे काढायला उजेड मिळतो, एवढा एक सामाजिक लाभ मात्र मान्य केला पाहिजे. एबीएस तर बिचारं गोंधळूनच जातं. एप्रिल २०१९ पासून सरकारने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं केलं. एबीएसला दिसतं की मागचं चाक पळतंय आणि पुढचं गरगरत थांबत चाललंय. म्हणजे काहीतरी भयंकर घडतंय, असं समजून ते डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतं. त्या गाडीवर परिस्थितीचं गांभीर्य ओळखणारं तेवढं एकच कोणीतरी असतं.

गंमत पुढे आहे. मोटोजीपीच्या गाड्यांत जवळजवळ तीनशे अश्वशक्ती असते, आणि तिथल्या इंजिनिअरांची झोप उडालेली असते ती चाक खाली कसं ठेवायचं या चिंतेने. चाक उचललं की वेग वाढवता येत नाही, शर्यत हातची जाते. म्हणून २०१५ च्या सुमारास डुकाटीने गाडीच्या नाकाला पंख लावले, मग सगळ्यांनी लावले. वर चाक उचलू न देणारं सॉफ्टवेअर. वर वळणातून निघताना गाडीची मागची बाजू खाली बसवणारी यंत्रणा. कोट्यवधींचा खर्च आणि पदव्या घेतलेली माणसं, कशासाठी, तर पुढचं चाक डांबराला टेकलेलं राहावं म्हणून. रायडर विली मारतात, नाही असं नाही. पण शर्यत जिंकून झाल्यावर, परतीच्या फेरीत, गर्दीला खूश करायला. आमच्याकडे शर्यतही नाही, जिंकणंही नाही, थेट परतीच्या फेरीपासून सुरुवात.

शाळा भरते रविवारी सकाळी साडेसहाला, हायवेपलीकडे बिल्डरने डांबर टाकून ठेवलेल्या पण अजून कोणी राहायला न आलेल्या रस्त्यावर. तिघे असतात. एक चिरंजीव. एक मोबाइल धरणारा. आणि तिसरा गुरू. गुरूच्या पायात स्लीपर, डाव्या हाताला जुनं प्लास्टर कापल्याची फिकट खूण, हीच त्याची पदवी. हेल्मेट आहे, ते कोपराला अडकवलेलं. आरसे काढून ठेवलेत, कारण रीलमध्ये ते बरे दिसत नाहीत. गुरूचा पाठ एका वाक्यात संपतो: "भावा, फर्स्टला टाक, रेस दे, क्लच सोड, घाबरू नको."

यातलं पहिलं सगळं बरोबर आहे. क्लच झटक्यात सोडला की इंजिनाचा जोर गिअर आणि चेनमधून वाढत वाढत मागच्या चाकाला पोचतो आणि अख्खी गाडी मागच्या आसाभोवती वर फिरू लागते. एका ठरावीक कोनात सगळं वजन बरोबर मागच्या टायरवर येतं. हा बॅलन्स पॉइंट. त्याच्या अलीकडे आहात तोवर रेस कमी केली की चाक खाली येतं. पलीकडे गेलात की वाचवणारी वस्तू एकच, उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक. तो हलका दाबला की नाक खाली येतं. इंग्लंडात जुन्या धावपट्ट्यांवर याचे रीतसर क्लास चालतात, तिथे उजवा पाय ब्रेकवर ठेवायला आधी शिकवतात. आमच्या गुरूंच्या पाठात हा ब्रेक येत नाही. कारण उघड आहे, पाय कॅमेऱ्यात दिसत नाही.

'घाबरू नको' हा भाग मात्र अवघड जातो. चाक अपेक्षेपेक्षा वर गेलं की नवशिका हँडलला लटकतो. लटकला की अंग मागे जातं, अंग मागे गेलं की मनगट वळतं, मनगट वळलं की रेस आणखी वाढते. गाडी पुढे निघून जाते, चिरंजीव मागे बसलेले राहतात, फक्त खाली सीट नसते. एका रविवारी नेमकं हेच झालं. गुरू धावला तो गाडीकडे. मोबाइलवाला जागचा हलला नाही, "आलंय रे, पूर्ण आलंय," एवढं ओरडला.

या सगळ्यात एकच माणूस मनापासून सुखी आहे, तो म्हणजे नाक्यावरचा गॅरेजवाला. चाक आपटलं की फोर्कचे ऑइल सील जातात, मग कोनसेट वाजायला लागतो. क्लच प्लेटा जळतात, चेनकिट ताणलं जातं. गाडी फार वेळ उभी धरली तर इंजिनातलं ऑइल मागे साचतं, पंप हवा ओढतो आणि मग जे काय बसतं त्याचं बिल वडिलांना दाखवण्याजोगं नसतं. मागचं टायर गुळगुळीत, पुढच्याची नक्षी कोरी. मी गॅरेजवाल्याला म्हटलं, जरा समजवा की पोराला. तो हात पुसत म्हणाला, "काका, पोरं शिकली पाहिजेत."

ताकदवान गाडी लागतेच, या समजुतीचं मला विशेष कौतुक वाटतं. १९९१ साली यासुयुकी कुडो नावाच्या जपानी गृहस्थाने त्सुकुबाच्या चाचणी ट्रॅकवर चाक न टेकवता सलग ३३१ किलोमीटर गाडी नेली. गाडी होती होंडाची टीएलएम२२०आर, ट्रायल स्पर्धांची, हलकी, दोनशेवीसच्या आतल्या सीसीची. म्हणजे साधारण पुण्याहून निघून बेळगावच्या अलीकडे पोचण्याएवढं अंतर, एका चाकावर. वाटेत टोलनाक्यालाही चाक टेकवावं लागलं नसतं, दुचाकीला टोल नाही. खंबाटकी घाटात मात्र कुडोसाहेबांचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्याला पहिल्या खेपेस १ ते ५ हजार दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पाच हजारांत चिरंजीवांचा सायलेन्सरही येत नाही, त्यामुळे या रकमेचा धाक वाटावा अशी अपेक्षा गैर आहे. पोरगा अल्पवयीन असेल तर कलम १९९ अ लागतं. त्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तमिळनाडूत तर एक नामांकित यूट्यूबर सप्टेंबर २०२३ मध्ये कांचीपुरमजवळ हायवेवर चाक उचलून पडला, त्याचं लायसन्स दहा वर्षांसाठी गेलं. जामीन नाकारताना हायकोर्टाने त्याला चॅनल बंद कर आणि गाडी जाळून टाक, असं सुनावलं. यात पुढच्या चाकाचा काय दोष, ते तर जागेवर नव्हतंच.

चाक उचललं की मागची नंबरप्लेट जमिनीकडे तोंड करते, चौकातल्या कॅमेऱ्याला दिसत नाही. चिरंजीवांना ही मोठी युक्ती वाटत होती. मग त्यांनी रील टाकला, खाली आपलं नाव, कॉलेज आणि 'लोकेशन' लिहून. तिसऱ्या दिवशी चौकीत बोलावणं आलं. हल्ली रिवाजाप्रमाणे माफीचाही व्हिडिओ करतात. पोराने कान धरले, 'माझ्यासारखं कोणी करू नका' म्हणायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबून हवालदारांना म्हणाला, "साहेब, मोबाइल उभा धरा ना. आडवा रीलला चालत नाही."

हवालदारांनी धरला.