आतलं चाक

साक्रीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली एक एस्टीम उभी असते. ताडपत्री दर आखाजीला नवी येते, गाडी तीच. हे मॉडेल मारुतीने २००७ सालीच बंद केलं. नानांना ते सांगितलं तर म्हणतात, "म्हणून तर! आता कंपनी तिच्यात आणखी बिघाड करू शकत नाही."

या गाडीला पुढचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवायचं, असं नानांनी सहा वर्षांपूर्वी ठरवलं. बसवायचं ठरलंय. कोणतं, ते ठरायचंय.

माणूस मुळातच चिकित्सक आहे असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नाही. नानांचं बाजारपेठेत कृषी केंद्र आहे. मृगाच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एखादा दहिवेलकडचा शेतकरी डोकं खाजवत विचारतो, "नाना, मकानं कोनतं बी लेऊ?" नाना पाठमोरेच हात वर करून पिशवी काढतात, "हाई ले. इचार करू नको." अख्ख्या शिवाराचा हंगाम अर्ध्या मिनिटात ठरवणारा हा माणूस दुकानाचं शटर ओढतो, घरी येऊन हातपाय धुतो, लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढतो आणि गाडीच्या पोटातल्या, बाहेरून कुणालाही न दिसणाऱ्या एका डब्याबद्दल रात्री साडेअकरापर्यंत विचार करतो.

वही वडिलांच्या आडतीच्या काळातली आहे. पहिल्या चार पानांवर कांद्याची आवक, पाचव्यापासून डिफरन्शियल. रकाने आखलेले. 'चांगलं', 'वाईट', 'विचारणे'. सगळ्यात भरलेला रकाना अर्थातच तिसरा.

मला हे सगळं कळतं याचं कारण मी शेजारी राहतो आणि मला नाही म्हणता येत नाही. पहिल्यांदा त्यांनी मला डिफरन्शियल समजावलं ते जेवणाच्या ताटावर. कळण्याची भाकरी ताटाच्या काठाने फिरवत म्हणाले, "वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा, आतल्याला जवळचा. दोन्ही एकाच दांड्यात घट्ट ठोकली तर एक फरफटणार. म्हणून मधे दातेरी चाकं घालून दोघांना आपापल्या चालीने फिरू द्यायचं. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पेक्कर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने हे पेटंट केलं. घड्याळजी! मोटार जन्मायची होती तेव्हा."

"मग अडचण कुठे आहे?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारायला नको होता.

"अडचण ही," ठेच्याचा गोळा एका बाजूला सारत नाना म्हणाले, "की ते दोघांना सारखाच जोर देतं. कोंडाईबारीत वळणावर भार बाहेरच्या अंगाला जातो. आतलं चाक हलकं होतं. पाय दाबला की ते जागच्या जागी गरगरतं. त्याला फिरायला जोर लागतो कितीसा? तेवढाच मग बाहेरच्यालाही मिळतो. जोडीतला एक बैल अंग चोरायला लागला, की दुसरा कितीही पट्टीचा असो, औत आळश्याच्याच मापाने चालणार."

हे मात्र मला पटलं. आमच्या ऑफिसात मी बाहेरचं चाक आहे.

आता यावर इलाज दोन, आणि तिथेच नाना सहा वर्षं अडकलेत. एक प्लेटांचा. घट्ट दाबलेल्या चकत्यांची चवड, एक चाक पळायला लागलं की चकत्या एकमेकींना धरतात आणि जोर दुसरीकडे वळवतात. हा प्रयोग नानांनी नानींच्या स्टीलच्या ताटल्या घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर केला. दाबायला वर पाच किलो गव्हाचा डबा. ताटल्यांवर ओरखडे आले. नाना आनंदाने म्हणाले, "पाहिलंस? झीज! हाच त्याचा दोष." वहीत 'वाईट'मध्ये नोंद झाली. नानींनी कुठे नोंद केली ते त्यांनाच ठाऊक, पण त्या आठवड्यात भरताची वांगी काही घरात आली नाहीत.

दुसरा इलाज तिरप्या दातांच्या गिअरांचा, हेलिकल म्हणतात तो. यातलाच टॉर्सन, व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन माणसाचं १९५८ चं पेटंट. ग्लीसमनचं नाव नाना अशा सुरात घेतात, की ऐकणाऱ्याला तो त्यांचा मावसभाऊ वाटावा. हे डिफरन्शियल शांत, झिजायला चकत्या नाहीत, आणि पुढच्या चाकांना महत्त्वाचं म्हणजे स्टिअरिंगला हिसके कमी. "मग हेच घ्या ना!" मी एकदा म्हणालो. नानांनी चष्मा काढला. नाना चष्मा काढतात तेव्हा समोरच्याची कीव करायची असते.

"भो, ते आतल्या चाकाला आहे त्याच्या काही पट जोर बाहेरच्याला देतं. काही पट! आणि आतलं चाक हवेतच उचललं गेलं तर? त्याचा जोर किती?"

"शून्य."

"शून्याची तिप्पट किती?"

आतलं चाक हवेत जाईल इतक्या वेगाने नानांनी आजवर गाडी चालवलेली नाही. कोंडाईबारीत ते तिसऱ्या गिअरमध्ये असतात आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला हात दाखवून पुढे जाऊ देतात. पण शून्य ते शून्य.

प्लेटांच्या जातीत आणखी पोटजाती आहेत. वन-वे, म्हणजे पाय दाबल्यावरच धरणारं. टू-वे, म्हणजे पाय काढल्यावरही धरणारं. आणि या दोघांच्या मधलं, दीड-वे. वहीत या 'दीड'वर सलग तीन पानं आहेत. "पुढच्या चाकांना टू-वे घालायचं नाही, ब्रेकवर जाताना गाडी वळायलाच नकार देते," असं नाना नव्या जावयाला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सांगत होते. जावई बँकेत आहे. तो मान डोलवत राहिला. माणूस चांगला आहे.

शिवाय तेलाचा घोळ. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, दोघांना एकच तेल. चकत्यांना मानवणारं तेल गिअरना मानवेलच असं नाही. "एका चुलीवर पथ्याचं आणि पाहुण्यांचं," नाना म्हणतात. आणि पार्ट बसवायचा म्हणजे आख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा. धुळ्याच्या एका मिस्त्रीने तो उतरवायची तयारी दाखवली होती. नानांनी त्याला विचारलं, "चकत्यांचा आधीचा दाब किती ठेवशील?" मिस्त्री म्हणाला, "नाना, घट्ट ठेवू." नाना उठून आले. तसे ते पुणे, नाशिक, कोइमतूर अशा सगळ्या गावांतून फोनवरच उठून आलेत.

दुसऱ्याचं सुख मात्र त्यांना बघवतं. २०१९ साली गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारस्पोर्टमधला पहिलाच, तेव्हा कृषी केंद्रात पेढे वाटले गेले. युरियाला आलेल्या माणसांनी ते कुणाच्या तरी मुलीच्या बारावीचे समजून खाल्ले. २०२० साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २४५ आणली, भारतात मोजून २०० गाड्या, पुढच्या डिफरन्शियलला इलेक्ट्रॉनिक पकड. नानांनी बातमीचं कात्रण वहीत चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'विचारणे : वायर तुटल्यास?'

नानींना एकदा मी म्हणालो, "नानांना निवडणं जमतच नाही." त्या शेंगदाणे भाजत होत्या. म्हणाल्या, "असं कसं? मला बघायला आले तेव्हा चहा यायच्या आत हो म्हटलं. पहिलंच स्थळ. तेव्हा वही नव्हती." मग झारा थांबवून, जरा विचार करून म्हणाल्या, "तेव्हा का नव्हती, हे विचारायचं राहिलंय."

मागच्या पावसाळ्यात पिंपळनेरच्या अलीकडे एका मळ्यात जेवणाचं निमंत्रण होतं. डुबुक वडे. नानांनी चक्क ताडपत्री काढली. डांबरी रस्त्यावर एस्टीम छान चालली, वळणावळणावर नाना मान तिरकी करून आतल्या चाकाचा आवाज ऐकत होते. मळ्याच्या वाटेला लागलो आणि कांद्याच्या चाळीच्या अलीकडे काळ्या मातीत डावं चाक बसलं. नानांनी पाय दाबला. डावं चाक गरगरलं, उजवं शांत. मातीचा फवारा थेट माझ्या खिडकीवर.

"बघ! बघ!" नाना मला म्हणाले. इतका खूश माणूस मी चिखलात कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी डाव्या पायाने ब्रेक हलकाच दाबून उजव्याने गाडी रेटायचा उपाय केला. गरगरणाऱ्या चाकाला थोडं ओझं दिलं की दुसऱ्यालाही जोर मिळतो, हे शास्त्र आहे. उजवं चाक खरंच अर्धा फेरा फिरलं. मग इंजिन बंद पडलं.

शेजारच्या वावरातून अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. "नाना, खाले उतरा. मी काढस." दोर बांधला. त्याचंही मागचं एक चाक पहिल्यांदा घसरलं. पोराने खाली पाहिलंसुद्धा नाही. टाचेने सीटखालचं पेडल दाबलं, दोन्ही मोठी चाकं एकजीव होऊन फिरली आणि एस्टीम चिखलातून बाहेर आली. सगळा मिळून दीड मिनिटाचा खेळ. पोराने पाय काढला, लॉक सुटलं, तो ट्रॅक्टर वळवायला लागला.

"थांब!" नाना धोतराएवढा चिखल पँटवर घेऊन ट्रॅक्टरपुढे आडवे उभे राहिले. वाटलं, आभार मानतील, पोराला दोनशे रुपये देतील. नाना चिखलात गुडघ्यावर बसले, मान ट्रॅक्टरच्या मागच्या धुरेखाली घातली आणि तिथून हात बाहेर काढून माझ्या दिशेने हलवला.

"भो, डिकीतून वही आण. आणि तू रे, परत एकदा दाब. हळू दाब."